गर्भपिशवीच्या तोंडाला ‘जखम’ आहे? शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी हे वाचा

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, तर इतर कुटुंबांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के, जास्तीत जास्त दीड लाख रुपयांपर्यंत उपचारांची मदत मिळते. बसवनगुडीतील आपल्या भगिनींसाठी हा मोठा आधार आहे. पण कार्ड आहे म्हणून प्रत्येक शस्त्रक्रिया गरजेची ठरत नाही.

न्यायालयाने काय सांगितले?

बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानात विमा योजनांचे पैसे मिळवण्यासाठी गरीब महिलांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्या गेल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली होती. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने असे प्रकार रोखण्यासाठी केंद्राने केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश दिला. महाराष्ट्रात बीडच्या ऊसतोड महिलांबाबत हाच प्रश्न २०१९ मध्ये गाजला होता.

‘जखम’ म्हणजे नेमके काय?

गर्भपिशवीच्या तोंडाला बंगळुरूच्या दवाखान्यात ‘गर्भकंठ’ म्हणतात. तिथे आढळणाऱ्या बहुतेक तक्रारी कर्करोगाच्या नसतात.

• लालसर भाग: आतले मऊ आवरण बाहेर दिसते, त्यालाच अनेकदा ‘जखम’ म्हटले जाते. त्रास नसेल तर उपचार लागत नाहीत.
• सूज: बहुधा जंतुसंसर्गामुळे येते. औषधांनी बरी होते. संसर्ग लैंगिक संबंधातून आला असेल तर पतीनेही औषध घ्यावे लागते.
• पाण्याच्या बारीक पुळ्या: निरुपद्रवी असतात.
• मस्सा (पॉलिप): बहुधा बाह्यरुग्ण विभागातच काढून तपासणीला पाठवतात.
• पेशींतील बदल: यातून काही वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. तो भाग गोठवून, उष्णता देऊन किंवा तेवढाच कापून काढतात. पिशवी सहसा जागेवर राहते.

पिशवी काढणे योग्य ठरते अशी कारणे आहेत, कर्करोग हे त्यांपैकी एक. मात्र निदान कागदावर हवे. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर पाळी अकाली जाते आणि हाडे ठिसूळ होऊ शकतात.

खरी गरज तपासणीची

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशातील ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी जेमतेम १.९ टक्के महिलांची ही तपासणी कधीतरी झाली होती. म्हणजे एकीकडे नको ती शस्त्रक्रिया होते आणि दुसरीकडे हवी ती तपासणी होत नाही.

तपासणीचा उपयोग मराठवाड्यातच सिद्ध झाला आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच देऊ केली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील महिलांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगरसारखे द्रावण लावून तपासणी केली जाते. पांढरा डाग उमटला की पुढची तपासणी करतात. डाग म्हणजे कर्करोग नव्हे.

तुम्ही काय कराल?

१. वय ३० पेक्षा जास्त असेल तर त्रास नसतानाही जवळच्या नम्म क्लिनिकमध्ये किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात या तपासणीची चौकशी करा.
२. संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसले, दुर्गंधीयुक्त स्राव होत असेल, तर थांबू नका.
३. पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर विचारा: आजाराचे नाव काय? तपासणीचा अहवाल कुठे आहे? दुसरा उपाय आहे का?
४. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. वाणी विलास हे महिलांचे सरकारी रुग्णालय बसवनगुडीपासून जवळ आहे. कर्करोगाचे निदान झाल्यास होसूर रस्त्यावरील किदवई संस्थेत उपचार होतात.
५. आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. तातडीची वेळ वगळता, खासगी रुग्णालयात योजनेचा लाभ घेण्यासाठी आधी सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते. ती घेताना वरचे प्रश्न पुन्हा विचारा. समाधान होईपर्यंत संमतीपत्रावर सही करू नका.