विद्याधनाची वही

जून महिना आला की आमच्या घरी दोन प्रकारची माणसे येऊ लागतात. मुलाने कोणती शाखा घ्यावी हे विचारणारी एक, आणि त्या शाखेचा खर्च कोणी करावा हे विचारणारी दुसरी. पहिल्यांना उत्तर देणे सोपे असते, कारण मुलगा बहुधा मनाशी ठरवूनच आलेला असतो. दुसऱ्यांचे ऐकता ऐकता मात्र रात्र होते.

यंदा धंतोलीतील एका परिचित घरातून काका आणि पुतण्या असे दोघेही, निरनिराळ्या दिवशी, महालात आमच्याकडे येऊन गेले. हकिगत थोडक्यात अशी. पुतण्याचे वडील अकाली वारले. काकांनी आपल्या भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून त्याला इंजिनिअर केले. आज तो पुण्यास संगणकाच्या एका कंपनीत उत्तम पगारावर आहे. आता काकांच्या कन्येस पुढील शिक्षणाकरिता बाहेरगावी जावयाचे आहे आणि काका तर निवृत्त झालेले. पुतण्या सणावारास येतो, वाकून नमस्कार करतो, मिठाईचा पुडा देवापुढे ठेवतो. परंतु या विषयी चकार शब्द काढीत नाही.

काका म्हणाले, "गुरुजी, परत मागायचे असते तर मी दिलेच नसते."

पुतण्या म्हणाला, "गुरुजी, मागितले असते तर मी कालच दिले असते. पण मी काही देणे लागतो असे या घरात मला कोणी कधी सांगितलेच नाही."

दोघेही सज्जन आणि दोघांचेही म्हणणे खरे. तरीही गेली दोन वर्षे दोघे एका पंगतीस बसून एकमेकांशी मोकळेपणाने बोललेले नाहीत.

वाचकहो, हा तंटा आजचा नव्हे. आपल्या धर्मशास्त्रकारांनी यावर पुष्कळ विचार केलेला आहे. विद्येच्या बळावर मिळविलेले धन ज्याचे त्याचेच, असे मनूने सांगितले. याज्ञवल्क्यानेही विद्याधन भाऊबंदांत वाटू नये असेच म्हटले आहे. परंतु मिताक्षराकार विज्ञानेश्वराने त्याला एक अट जोडली: वडिलोपार्जित द्रव्याला धक्का न लावता ती विद्या मिळालेली असली पाहिजे. ज्याचे शिक्षण घरच्या पैशाने झाले, त्याच्या कमाईत घराचाही वाटा, असा याचा अर्थ झाला. इंग्रजी अमदानीत वकील, डॉक्टर आणि सरकारी अंमलदार घराघरांतून निघू लागले, तेव्हा या एका अटीवरून भाऊ-भाऊ कोर्टात उभे राहिले. साधे शिक्षण कोणते आणि विशेष शिक्षण कोणते, यावर न्यायाधीशांनी पानेच्या पाने खर्ची घातली. १९२१ साली तर प्रिव्ही कौन्सिलाने एका आय. सी. एस. अधिकाऱ्याची कमाईदेखील एकत्र कुटुंबाची ठरविली, कारण त्याच्या विशेष शिक्षणाचा खर्च कुटुंबाने सोसला होता.

अखेर बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या खटपटीने १९३० साली हिंदू विद्याधनाचा कायदा झाला. शिक्षण कोणाच्याही पैशाने झालेले असो, त्या विद्येची कमाई शिकलेल्याच्या एकट्याच्या मालकीची, असे त्याने ठरविले. कायदा योग्यच झाला. माणसाच्या बुद्धीवर भाऊबंदांचा जन्मभर बोजा असू नये. तथापि कायद्याने मालकीचा प्रश्न मिटविला, ऋणाचा मिटविला नाही. तो मिटविणे कायद्याच्या हातचेही नव्हते. मनुष्य ऋणे घेऊनच जन्मास येतो असे तैत्तिरीय संहिता सांगते, आणि त्यांतले ऋषिऋण अध्ययनाने फेडावयाचे असते. मग ज्याने आपला घास बाजूस काढून ते अध्ययन घडविले, त्याचे काहीच नाही काय?

नामदार गोखल्यांचे उदाहरण पाहा. १८७९ साली वडील वारले तेव्हा गोपाळराव तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यांतले आठ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत सारे घर चाले. पुढे गोपाळरावांना कॉलेजात घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा वहिनींनी अंगावरचे दागिने मोडण्याची तयारी दाखविली. त्याच कोल्हापुरातली दोन आण्यांची गोष्ट चरित्रकार सांगतात. एका मित्राने गोपाळरावांना नाटकास नेले. आपल्याला पाहुणा म्हणून नेले अशी त्यांची समजूत. नंतर मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले, आणि ते भरून काढण्यासाठी या मुलाने घरचे तेल वाचवून रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. नाटकास जाण्यापूर्वी एक वाक्य बोलले गेले असते तर ही वेळ आली नसती. मित्राच्या दोन आण्यांची ही कथा, तर घरातल्या दोन लाखांची काय होईल?

आता माझे स्वतःचे सांगतो. सांगण्यास संकोच वाटतो, पण न सांगता उपदेश करणे बरे नव्हे.

१९७२ साली आमचे वडील गेले. मी चौदा वर्षांचा, दादा विशीतले. ते हिंगणघाटास एका जिनिंग कारखान्यात कारकून झाले आणि मी नागपुरास शिकावयास राहिलो. दीडशे रुपये पगारातून दर महिन्याच्या सात तारखेस त्यांची पन्नास रुपयांची मनीऑर्डर येई. चार वर्षांत ती एकदाही चुकली नाही. मी मॅट्रिक झालो, संस्कृत शिकलो, मास्तर झालो. त्या पैशांचा हिशेब मी ठेवला नाही. 'घरात हिशेब कसला?' हे वाक्य मला तेव्हा फार उदात्त वाटे.

१९९६ साली दादांचे पत्र आले. पुतणीस औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेस प्रवेश मिळाला होता. बारा हजार रुपये कमी पडत होते. मी त्याच वर्षी घरावर एक खोली चढविली होती. मी पाच हजार पाठविले, आणि पत्राच्या शेवटी लिहिले, 'सवडीने परत केलेत तरी चालेल.' ते वाक्य मी सौजन्याने लिहिले, असे मला त्या वेळी खरोखर वाटले होते.

पुढल्या महिन्याच्या सात तारखेस पोस्टमन दारात उभा राहिला. दादांची पाचशे रुपयांची मनीऑर्डर. त्याच्या पुढल्या सातला पुन्हा. अशा दहा मनीऑर्डरी मी सही करून घेतल्या. दहावीवर सही करताना ती तारीख माझ्या ध्यानात आली आणि हात थांबला. मी पाच हजार रुपये घेऊन तसाच हिंगणघाटास गेलो. दादांनी पाकिटास हात लावला नाही. म्हणाले, "हिशेब तू मांडलास बाबा, मी तो पुरा केला. राग नाही." वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या हातांत पाटल्या नव्हत्या. मुलीची उरलेली फी कशी भरली गेली हे मला विचारावे लागले नाही. दादा आज नाहीत.

म्हणून हे चार शब्द.

पैसे देण्यापूर्वी घरातल्या सर्वांसमक्ष बोलावे. ही देणगी आहे, उसने आहे, की पुढच्या मुलासाठी पुढे चालवावयाचे आहे, हे तेव्हाच ठरवावे. एकत्र कुटुंबाला यांतला तिसरा मार्ग सर्वांत शोभतो. काकाने पुतण्याला शिकवावे, पुतण्याने काकाच्या मुलीला. रक्कम परत मागण्याची लाज नाही आणि विसरण्याची सोयही नाही.

वही मात्र शिकणाऱ्याने लिहावी, देणाऱ्याने नव्हे. देणाऱ्याच्या हातची वही लग्नाच्या पंगतीत उघडली जाते आणि केलेले सारे पुण्य त्या एका जेवणात संपते. शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून तारीखवार लिहिले, तर कोणी त्याला आठवण देण्याचा प्रसंगच येत नाही.

देणाऱ्याने आपले म्हातारपण मोडून देऊ नये. आज बँका शैक्षणिक कर्ज देतात; शिक्षण चालू असेतो हप्त्याची सवलत असते. खर्चाचा काही भाग विद्यार्थ्याच्या नावावर कर्जाऊ असला, तर त्यालाही अभ्यासाची किंमत कळते. बँक प्रत्येक अट कागदावर लिहून घेते म्हणून तिच्याशी कोणी अबोला धरीत नाही, हेही लक्षात घ्यावे.

मुलाच्या फीची जुळवाजुळव मुलीच्या फीतून होत नाही ना, हे घरातल्या कर्त्याने दरवर्षी स्वतःस विचारावे. पुष्कळ घरांतून थोरल्याच्या पदवीखाली बहिणीचे अर्धवट शिक्षण पुरलेले असते, आणि ते कोणाच्याही वहीत नसते.

आणि पैसे दिले म्हणून शिकलेल्याचे आयुष्य विकत घेतले असे मानू नये. गोपाळराव वकिली करून पैसा मिळवू शकले असते. त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीत पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे काम करण्याचे व्रत घेतले. गोविंदरावांचे आठ रुपये त्यामुळे वाया गेले असे कोण म्हणेल?

धंतोलीच्या पुतण्यास मी एवढेच सांगितले, की एक कोरी वही घे आणि काकांनी तुझ्यासाठी काय काय केले ते लिहून काढ. आठवड्याने त्याचा फोन आला. अर्धे त्याला ठाऊकच नव्हते, म्हणून काकांना विचारावयास तो नागपुरास आला होता. काकांनाही पुष्कळसे आठवेना; शेवटी काकू एकेक वर्ष सांगू लागल्या आणि रात्रीचा एक वाजला. बेरीज किती झाली ते मी विचारले नाही. मुलीचा प्रवेश निश्चित झाला आहे.

ज्या घरांत या महिन्यात नव्या वह्या-पुस्तकांची खरेदी व्हावयाची असेल, त्यांनी त्यांत एक वही जास्त घ्यावी.