विकत घेतले, पण आपले झाले का?



रे रोड स्टेशनच्या पूर्वेकडे बाहेर पडले, की दारूखाना लागतो. मोडीत काढलेल्या जहाजांचे सामान येथे वर्षानुवर्षे विकले गेले आहे. लोखंडी पत्रे, साखळ्या, दोरखंड. एकाने वापरलेली वस्तू दुसरा घेतो, दुसऱ्याकडून तिसरा घेतो. पैसे मोजले, की वस्तू आपली झाली. मग ती वापरा, कोणाला द्या किंवा विका. तुम्हीसुद्धा वर्ष संपले, की जुनी पुस्तके धाकट्या भावंडांना देता, नाहीतर अर्ध्या किमतीत विकता.

संगणकावरचे गेम पूर्वी सीडीवर मिळत. तीही मित्राला देता येई किंवा विकता येई. आज बहुतेक गेम इंटरनेटवरच्या दुकानातून घेतले जातात. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम’ हे असेच एक मोठे दुकान आहे. पैसे भरले, की गेम तुमच्या खात्यात जमा होतो. या दुकानाचे दोन नियम आहेत. एक, निरनिराळ्या देशांत एकाच गेमची किंमत निरनिराळी असू शकते. दोन, एकदा घेतलेला गेम पुन्हा विकता येत नाही. हे नियम न्यायाचे आहेत का? माझ्या मते पहिला नियम योग्य आहे, दुसरा नाही.

आधी पहिला नियम पाहू. लोकलच्या पासात विद्यार्थ्यांना सवलत मिळते. गाडी तीच, डबा तोच, पण पैसे कमी. ज्याची जेवढी ऐपत, त्याच्याकडून तेवढे घ्यावे, हा त्यामागचा विचार आहे. स्टीमवर २०१५ च्या नोव्हेंबरपासून भारतात रुपयांत किमती दिसू लागल्या. त्यापूर्वी त्या डॉलरमध्ये असत. आपल्या देशातील कमाई लक्षात घेऊन किंमत कमी ठेवली, तर त्यात गैर काही नाही.

पुस्तकांच्या बाबतीत ही पद्धत जुनीच आहे. इंजिनिअरिंग किंवा डॉक्टरकीच्या परदेशी पुस्तकांवर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असे छापलेले असते. ही आवृत्ती स्वस्त असते. ती परदेशात नेऊन विकली तर? २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशी पुस्तके परदेशी विकणाऱ्यांना मनाई केली. अमेरिकेत मात्र उलट घडले. सुपाप किर्तसेंग हा थायलंडचा विद्यार्थी तेथे शिकत होता. त्याचे नातेवाईक आणि मित्र थायलंडमधून स्वस्त पुस्तके पाठवत आणि तो ती अमेरिकेत विकत असे. प्रकाशकाने त्याच्यावर खटला भरला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने किर्तसेंगच्या बाजूने निकाल दिला. कायद्याने छापलेले पुस्तक विकत घेतले, की ते पुन्हा विकण्याचा हक्क घेणाऱ्याला मिळतो, असे न्यायालयाने म्हटले.

मला दिल्लीचा निकाल पटतो. स्वस्त पुस्तके देशाबाहेर जाऊ लागली, तर प्रकाशक स्वस्त आवृत्ती काढणेच बंद करील. मग नुकसान कोणाचे? व्यापाऱ्याचे नव्हे, येथल्या गरीब विद्यार्थ्याचे. गेमचेही तसेच आहे. आपण दुसऱ्याच देशात राहतो असे भासवून काही जण तेथील कमी किमतीत गेम घेत. म्हणून २०२१ मध्ये स्टीमने नियम केला, की खात्यावरील देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल. अशी लबाडी करणारा कंपनीला फसवतो, असे त्याला वाटते. खरे तर तो त्या गरीब देशातील मुलांची सवलत धोक्यात आणतो.

आता दुसरा नियम. कंपन्या म्हणतात, ‘तुम्ही गेम विकत घेतलेला नाही, फक्त तो वापरण्याची परवानगी घेतली आहे.’ त्या आणखी म्हणतात, ‘पुस्तक जुने होते, फाटते, गेम झिजत नाही. जुना गेम नव्याइतकाच चांगला असेल, तर नवा कोण घेईल?’ या म्हणण्यात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण दुसरी बाजूही पाहा. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले, की कायमच्या वापरासाठी विकलेले सॉफ्टवेअर पुन्हा विकता येते. मात्र विकणाऱ्याने स्वतःची प्रत पुसून टाकली पाहिजे. गेमच्या बाबतीत २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ग्राहकांच्या बाजूने कौल दिला. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला.

मित्रांनो, जुन्या बाजारात कोण जातो? ज्याला नवी वस्तू परवडत नाही, तो. वस्तू पुन्हा विकता येईल या भरवशावर कोण खरेदी करतो? ज्याच्या खिशात पैसे थोडे आहेत, तो. म्हणजे जुना बाजार हीसुद्धा गरिबाची सवलतच आहे. कंपनी एका हाताने स्वस्त किंमत देते आणि दुसऱ्या हाताने ही सवलत काढून घेते. यावर एक मध्यम मार्ग आहे. गेम ज्या देशात घेतला, त्याच देशात तो पुन्हा विकण्याची मुभा द्यावी. विकणाऱ्याच्या खात्यातून तो निघून जावा आणि घेणाऱ्याच्या खात्यात जावा. स्वस्त प्रत देशाबाहेर जाणार नाही आणि ग्राहकाचा हक्कही राहील.

हे होईपर्यंत दुकानांनी निदान खरे तरी सांगावे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून तसा कायदा लागू झाला आहे. दुकान फक्त वापरण्याची परवानगी देत असेल, तर ते स्पष्ट न सांगता ‘विकत घ्या’ असे लिहिता येत नाही. आपल्याकडील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही ग्राहकाला माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क आपण मागितला पाहिजे.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा गेम मला कोणाला देता येईल का? माझे खाते बंद झाले, तर तो राहील का? एवढे कळल्यावरही ही किंमत मला योग्य वाटते का? तुमचे मत माझ्यापेक्षा वेगळे असू शकते. तसे असेल, तर ते कारणांसह वर्गात मांडा.