पास्ट्रामी, जागा आणि वारस

न्यूयॉर्कमध्ये हाउस्टन आणि लडलो या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ‘कॅट्झ डेलिकेटसन’ आहे. दारातून आत शिरले की प्रत्येकाच्या हाती एक छोटे तिकीट येते. ते घेऊन लांबलचक काउंटरपाशी रांगेत उभे राहायचे. पलीकडचा कापणारा वाफेतून मांसाचा मोठा तुकडा काढतो, लांब सुरीने जाडसर काप पाडू लागतो आणि पहिला काप बशीत घालून गिऱ्हाइकापुढे सरकवतो. चव पाहायची, मान डोलवायची. सँडविच तयार होते, तिकिटावर रक्कम लिहिली जाते आणि पैसे निघताना. पाटीवर साल आहे १८८८. आइसलँड नावाच्या भावांनी दुकान काढले आणि पुढे कॅट्झ कुटुंब त्यात आले, असे दुकानाचा स्वतःचा इतिहास सांगतो.

अशी जुनी खाणावळ दिसली की आपण लगेच ‘परंपरा जपली’ म्हणून मोकळे होतो. कोणती परंपरा आणि जपली कशाच्या जोरावर, हे विचारायचे राहून जाते.

आधी काउंटरवर कापले जाणारे ते मांस, म्हणजे पास्ट्रामीच घेऊ. गोवंशाचे मांस आपल्यापैकी अनेकांच्या ताटात येत नाही आणि २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीही आहे. पण या पदार्थाची कुळकथा ऐकायला हरकत नसावी. मसाला चोळून वाळवलेल्या मांसाला तुर्की लोक ‘पास्तिर्मा’ म्हणत. रुमानियातले ज्यू तोच प्रकार हंसाच्या मांसाचा करत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते अमेरिकेत उतरले तेव्हा हंस परवडेना, गाईचे मांस मात्र स्वस्त होते. त्यातही पोटाकडचा चरबीदार भाग तर कोणी फारसा मागतच नसे. पदार्थ राहिला, प्राणी बदलला. तो भाग मसाल्याच्या खाऱ्या पाण्यात मुरवायचा, भरड धने-मिरे चोळायचे, मंद धुरावर धरायचा, उकळायचा आणि वाढण्याआधी पुन्हा वाफवायचा. आपल्याकडे मुरवण्याला महिनाभरापर्यंत वेळ देतात, असे कॅट्झवाले सांगतात. कारखान्यात तेच काम सुयांनी खारे पाणी टोचून झटपट उरकता येते. शेवटी काप तंतूंच्या आडवे, हातानेच. सोबत राय या धान्याचा पाव (आपली राई नव्हे, ती मस्टर्डच्या रूपाने वेगळी येतेच) आणि मिठाच्या पाण्यात मुरलेली काकडी. म्हणजे ज्याला आज वारसा म्हणतात तो मुळात गरिबाने बाजारभाव पाहून केलेला बदल होता. ‘डेलिकेटसन’ (थोडक्यात ‘डेली’) हा शब्द आणि तशी दुकानेसुद्धा जर्मन स्थलांतरितांनी न्यूयॉर्कला आणली होती.

कर्मठ ज्यू माणूस कॅट्झमध्ये जेवणार नाही, हे तर अनेक पर्यटकांच्या गावीही नसते. ज्यू आहारनियमांत, म्हणजे कोशरमध्ये, मांस आणि दूध एकत्र चालत नाही. कॅट्झमध्ये मांसावर चीज घातलेले रूबेन सँडविच मिळते. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, कामाला सुट्टी. कॅट्झ त्या वेळी उघडे असते, आणि गर्दी उसळते. शुद्धतेची कसोटी लावली तर हे दुकान नापास आहे. आमच्या मते कसोटीच चुकीची आहे.

त्यासाठी फार लांब जायला नको. अलिबाग परिसरातले बेने इस्रायली ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. दूध आणि मांस वेगळे ठेवण्याचा तोच नियम त्यांच्याही घरी होता. त्यांनी वाट काढली ती नारळातून. मटणाच्या रश्श्याला नारळाचे दूध, आणि नव्या वर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्याच दुधातला, म्हणजे मांसाच्या जेवणानंतर खायला मोकळा. नवस फेडायचा तर पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा. मराठी बोलणाऱ्या ज्यू आजीला पास्ट्रामी तितकीच परकी, जितकी लडलो स्ट्रीटवरच्या आजीला सोलकढी. धर्म एक असला तरी ताट त्या त्या मुलुखाचेच असते. म्हणून ‘ज्यू जेवण म्हणजे डेली’ हे समीकरण अपुरे आहे. डेली हे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचे न्यूयॉर्क शहराने घडवलेले जेवण आहे.

आता दुसरा प्रश्न, टिकण्याचा. १९३०च्या दशकात या शहरात कोशर डेलींची संख्याच दीड हजारांच्या घरात होती. आज जुन्या डेली बोटांवर मोजाव्या लागतात. लोकांची जीभ बदलली हे कारण खरे, पण अर्धेच. अमेरिकेच्या १९२४च्या स्थलांतर कायद्याने पूर्व युरोपातून येणारा ओघ आटला. महायुद्धानंतर कुटुंबे उपनगरांत गेली. पहाटेपासून रात्रीपर्यंत मांसाच्या वाफेत उभे राहिलेल्या बापांनी मुलांना डॉक्टर-वकील केले, आणि त्या मुलांनी दुकानात परत यावे अशी बापांचीही इच्छा नव्हती. उरलेल्यांचा निकाल जागेच्या भाड्याने लावला. ‘स्टेज डेली’ २०१२ मध्ये बंद झाली. ‘सेकंड अव्हेन्यू डेली’ने २००६ मध्ये भाड्याच्या वादात आपली जागा सोडली, पुढल्या वर्षअखेर संस्थापकाच्या पुतण्याने ती उघडली खरी, पण वेगळ्या रस्त्यावर. सेकंड अव्हेन्यू फक्त नावात उरला.

कॅट्झचे वेगळेपण इथे आहे. इमारत त्यांच्या मालकीची आहे. आजूबाजूला टोलेजंग घरे उभी राहू लागली तेव्हा त्यांनी दुकान विकले नाही, आपल्या बैठ्या इमारतीवर न बांधलेल्या मजल्यांचे हक्क शेजारच्या विकासकाला विकले. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको. टीडीआर आणि एफएसआय हे शब्द आपल्याकडे भाजीच्या पिशवीइतके घरगुती झाले आहेत. पण जागा असून सगळे भागत नाही. ‘कार्नेगी डेली’चीही इमारत मालकिणीचीच होती. तरी २०१६ संपताना तिने दुकान बंद केले. पहाट ते मध्यरात्र असे राबणे आता झेपत नाही, हे तिने सांगितलेले कारण. कॅट्झ १९८८ मध्ये डेल कुटुंबाकडे आले आणि आज त्या घरातली तिसरी पिढी दुकान चालवते. जागा आणि वारस दोन्ही जुळून आले, हे भाग्य. त्या भाग्याला परंपरेचे तेज समजणे म्हणजे बंद पडलेल्या शेकडो दुकानदारांवर अन्याय आहे. त्यांची पास्ट्रामी वाईट नव्हती.

बाकी गोष्टी त्यावरच्या सजावटीच्या. दुसऱ्या महायुद्धात मालकांची मुले सैन्यात होती, तेव्हा ‘आर्मी’तल्या मुलाला ‘सलामी’ पाठवा असे यमक जुळवून दुकानाने जाहिरात केली. (ही सलामी म्हणजे मानवंदना नव्हे, सॉसेज.) १९८९च्या ‘व्हेन हॅरी मेट सॅली’तला गाजलेला प्रसंग इथे चित्रित झाला आणि त्या टेबलावर आज पाटी लोंबते. या पाटीखाली फोटो काढणाऱ्यांना जुने रसिक नाके मुरडतात. ते पटत नाही. एका सँडविचचे पंचवीस डॉलरहून अधिक मोजणारा हा पर्यटकच आज हाताने कापणाऱ्याचा पगार देतो. मुरवताना, धुरावर आणि वाफेत मांसाचे वजन बरेच घटते. सुरीने कापायला यंत्रापेक्षा माणसे जास्त लागतात. पूर्वी गल्लीतले कामगार हा खर्च उचलत नव्हते. तेव्हा मांस आणि मजुरी दोन्ही स्वस्त होती. आता कुणीतरी तो उचलायला हवा.

मराठी घरांतली अनेक मुले आज न्यूयॉर्क-न्यू जर्सीत आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारे आईवडीलही. त्यांच्यापैकी मांसाहारी कुणी कॅट्झला गेलेच तर काप चरबीसकट मागावेत. कोरडे मागण्यात मजा नाही. कापणाऱ्याच्या पेल्यात एकदोन डॉलर टाकावेत. आणि तिकीट सांभाळावे. काही न खाल्ले तरी ते दारात परत द्यावे लागते, हरवले तर पन्नास डॉलर भरण्याची सूचना भिंतीवर लावलेली आहे.