दोन नकार

राजकीय चरित्राचा एक आकृतिबंध आपण फारशी चिकित्सा न करता स्वीकारलेला आहे. नायक पायऱ्या चढत जातो : राज्याचे विधिमंडळ, मग संसद, मग त्याहून मोठे पद. पायरी हुकली की चरित्रकार हळहळतो आणि त्याच्यामागून वाचकही. अमेरिकेतील ज्युलियन बाँड (१९४०–२०१५) यांची कारकीर्द या आकृतिबंधात बसवली, तर ती अर्धवट राहिलेली कहाणी ठरते. माझ्या मते हे वाचन चुकीचे आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष द्यावे, कारण या कारकिर्दीच्या मुळाशी शब्दांचाच तंटा आहे.

बाँड यांनी तरुणपणी कविता लिहिल्या. अटलांटातील मोअरहाऊस महाविद्यालयात शिकत असतानाच ते वर्णभेदविरोधी विद्यार्थी चळवळीत ओढले गेले आणि 'स्निक' या संघटनेचे प्रसिद्धीप्रमुख झाले. १९६५ साली ते जॉर्जिया राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. ६ जानेवारी १९६६ रोजी 'स्निक'ने व्हिएतनाम युद्धाचा निषेध करणारे निवेदन काढले. बाँड यांनी ते लिहिले नव्हते. विचारल्यावर आपल्याला ते मान्य असल्याचे मात्र त्यांनी सांगितले. चारच दिवसांनी सभागृहाने १८४ विरुद्ध १२ मतांनी त्यांना आसन नाकारले.

सभागृहाचा युक्तिवाद मुळातून पाहण्यासारखा आहे. बाँड राज्यघटनेची शपथ घ्यायला तयार होते. पण असे निवेदन मान्य करणारा माणूस ती शपथ मनापासून घेऊच शकत नाही, असे सभागृहाचे म्हणणे होते. म्हणजे आक्षेप शब्दांवर होता आणि शिक्षा मात्र त्यांच्यामागच्या कल्पित हेतूला होती. संहितेबाहेर जाऊन लेखकाच्या मनाचा ठाव घेण्याच्या हट्टाबद्दल आपण वर्गात पुष्कळ बोलतो. तोच हट्ट बहुमताच्या हाती आला की काय होते, याचे हे उदाहरण. रिकाम्या झालेल्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली. मतदारांनी पुन्हा बाँड यांनाच निवडले, तरीही दार उघडले नाही. नोव्हेंबरमध्ये ते तिसऱ्यांदा निवडून आले. अखेर ५ डिसेंबर १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला : शपथ घ्यायला लावण्याचा अधिकार राज्याला आहे, पण त्या आडून सदस्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेण्याचा अधिकार बहुमताला नाही. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी हे निकालपत्र लिहिले.

जानेवारी १९६७ मध्ये बाँड सभागृहात बसले. १९६८ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात उपाध्यक्षपदासाठी त्यांचे नाव पुकारले गेले. वय अवघे अठ्ठावीस, घटनेची अट पस्तिसाची, म्हणून त्यांनी ते मागे घेतले. इथून चरित्रकार मोठ्या पदाची वाट पाहू लागतो. प्रत्यक्षात बाँड जॉर्जियाच्या विधिमंडळातच राहिले, १९७५ पासून राज्य सिनेटमध्ये. अटलांटाचा पाचवा संसदीय मतदारसंघ कृष्णवर्णीय मतदारांना खरे प्रतिनिधित्व मिळेल असा आखला जावा यासाठी ते तिथे झगडले. न्यायालयीन लढाईनंतर १९८२ मध्ये तो कृष्णवर्णीय-बहुल झाला.

१९८६ साली याच मतदारसंघातून बाँड संसदेसाठी उभे राहिले. समोर होते जॉन लुईस. १९६६ मध्ये ते निवेदन निघाले तेव्हाचे 'स्निक'चे अध्यक्ष आणि बाँड यांचे जुने मित्र. एक विद्यापीठाच्या अध्यक्षाचा मुलगा, सफाईदार वक्ता. दुसरा अलाबामातील कुळाने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, अडखळत बोलणारा. आपण मिरवणारा घोडा नसून राबणारा घोडा आहोत, असा लुईस यांचा प्रचार होता. त्यांनी बाँड यांना मादक द्रव्यांच्या चाचणीचे आव्हानही दिले आणि मैत्रीत कटुता आली. पहिल्या फेरीत बाँड आघाडीवर होते. दुसऱ्या फेरीत थोडक्या फरकाने हरले. बहुसंख्य कृष्णवर्णीय मते बाँड यांना मिळाली, गोऱ्या मतदारांनी लुईस यांना कौल दिला.

या पराभवात दैवदुर्विलास शोधण्याचा मोह आपल्याला होतो. ज्याने घर बांधले त्यालाच त्यात राहता आले नाही, वगैरे. पण १९६६ चा नकार अन्याय्य होता तो बाँड थोर होते म्हणून नव्हे, तर निर्णय मतदारांचा असताना तो सभागृहाने बळकावला म्हणून. १९८६ चा नकार मतदारांनी दिला. प्रचारातील कडवटपणा कितीही खटकला, तरी तो नकार देण्याचा अधिकार त्यांचाच होता आणि वीस वर्षांपूर्वी बाँड यांच्या नावाने जो खटला जिंकला गेला तो याच अधिकारासाठी. पहिला नकार न्यायालयात फिरवावा लागला. दुसरा स्वीकारावा लागला. दोन्ही घटनांमागे तत्त्व एकच आहे.

बाँड यांनी पुढे अध्यापन केले आणि १९९८ ते २०१० या काळात एनएएसीपी या जुन्या नागरी हक्क संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले. संसदेत ते कधीच गेले नाहीत. म्हणून त्यांची कारकीर्द अपूर्ण म्हणायची असेल, तर लोकप्रतिनिधीचे मोल त्याच्या पदावरून ठरते असे आपण मानतो, हे तरी उघडपणे कबूल करावे. चरित्र शिकवताना नायक कुठवर पोहोचला एवढेच न विचारता, त्याला कोणी अडवले आणि अडवणाऱ्याला तो अधिकार होता का, हेही विद्यार्थ्यांना विचारायला हवे.