सीमेवर अडलेली फटफटी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आंब्याच्या बागा आज कोणाच्या राखणीवर उभ्या आहेत, हे कोकणातील कोणताही बागायतदार सांगेल. दिवाळीच्या सुमारास नेपाळी मजूर येतात, हंगाम संपेपर्यंत बागेतल्याच खोपटात राहतात आणि पावसाच्या तोंडाशी गावी परततात. आपण त्या सर्वांना सरसकट ‘गुरखे’ म्हणतो. त्यांतील पुष्कळसे सुदूर पश्चिम नेपाळातील अठराविशे दारिद्र्याच्या मुलखातून आलेले असतात, पण तेवढी चौकशी करण्याची गरज आपल्याला वाटत नाही. हंगामाची कमाई कमरेला बांधून निघालेला हा माणूस मालकाच्या अंगणातील फटफटीकडे पाहून मनाशी एक हिशेब करतो. गावी हीच गाडी जवळजवळ दुप्पट किमतीला मिळते. मग येथूनच घेऊन गेलो तर किती पैसे वाचतील?

हिशेब साधा आहे, उत्तर मात्र साधे नाही. चाकणला आणि वाळूजला, म्हणजे आपल्याच कामगारांच्या हातून, तयार झालेल्या मोटारसायकली रक्सौलचा नाका ओलांडून वीरगंजला पोचतात आणि तेथून काठमांडूला जातात. सीमा ओलांडताना गाडीत एका खिळ्याचीही भर पडत नाही. भर पडते ती करांची. आधी सीमाशुल्क, ते धरून होणाऱ्या रकमेवर अबकारी कर आणि या दोहोंसह झालेल्या बेरजेवर १३ टक्के मूल्यवर्धित कर, अशी ही उतरंड आहे. हिशेबापुरते समजू की गाडीची मूळ किंमत १०० रुपये, सीमाशुल्क ३० टक्के आणि अबकारी ४० टक्के आहे. पहिल्या पायरीवर १३०, दुसरीवर १८२ आणि तिसरीवर सुमारे २०६ रुपये होतात. वाहतूक, विक्रेत्याचा नफा आणि नोंदणीचा खर्च याहून निराळा. ‘कर किती?’ या प्रश्नाला सरकारे नेहमी एकेका पायरीचा दर सांगतात. गिऱ्हाईक सबंध जिन्याचे पैसे मोजते.

मग मजुराने गाडी स्वतःच नेली तर? येथेच खरी मेख आहे. कंपनी जेव्हा गाडी निर्यात करते तेव्हा आपले सरकार तिच्यावर वस्तू व सेवा कर बसू देत नाही. निर्यातीला ती सवलत कायद्यानेच आहे. रत्नागिरीतील दुकानातून सामान्य गिऱ्हाईक म्हणून गाडी घेणाऱ्याला मात्र हा कर चुकत नाही. लहान गाड्यांवर तो पूर्वी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. त्यावर राज्याचा एकरकमी वाहनकर. एवढे भरून गडी सीमेवर पोचला की नेपाळचा करांचा जिना पायथ्यापासून चढायचा. म्हणजे आयातदार व्यापारी कर भरतो एकदा आणि मजूर दोनदा. भारतीय क्रमांकाचीच गाडी चालवायची म्हटले, तर रोजचे शुल्क भरून वर्षाकाठी फार तर तीस दिवस ती नेपाळात ठेवता येते. सीमेला ते ‘भन्सार’ म्हणतात. सीमेलगतच्या गावातील पोराटोरांनाही हा शब्द ठाऊक असतो. मुदत संपल्यावर गाडी आढळली तर ती जप्त होते, किंवा जप्त होऊ नये म्हणून काहीतरी द्यावे लागते. पैसे वाचवायला निघालेला माणूस असा गुन्हेगार ठरतो.

३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीवर राहण्याची, फिरण्याची, व्यवसाय करण्याची मोकळीक दिली. बनबसाचा पूल ओलांडायला पारपत्र लागत नाही. नेपाळी रुपयाचा दरही १९९३ पासून भारतीय रुपयाशी १.६० या प्रमाणात बांधलेला आहे. श्रम मोकळे, चलन बांधलेले. मात्र त्या श्रमाने मिळवलेली वस्तू सीमेवर परकी ठरते. शिवाय या मोकळिकीची एक उलटी बाजू आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. आखाती देशांत जाणाऱ्या नेपाळी कामगाराला आपल्या सरकारकडून श्रमपरवाना घ्यावा लागतो. भारतात येणाऱ्याला तो लागत नाही. परवाना नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून परतणाऱ्या कामगाराला सवलत द्यायची झाली तरी हा त्यात बसेल कसा? आपल्याकडेही १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित मजुरांच्या कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेला मजूर मोजला. नेपाळातून आलेला त्यात बसला नाही. दोन्हीकडच्या कागदांवर हा माणूस नाहीच.

नेपाळ सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाव हिश्श्याएवढी रक्कम परदेशी राबणारे नेपाळी घरी धाडतात. त्या पैशातून आयात माल विकत घेतला जातो आणि त्या मालावर सीमेवर जमणारा कर हा सरकारच्या तिजोरीचा एक मुख्य आधार आहे. आयात आवरली नाही तर परकीय चलन आटते. एप्रिल २०२२ मध्ये तसे होऊ लागताच २५० सीसीहून मोठ्या मोटारसायकलींची आयात बंद करण्यात आली. डिसेंबरात ती बंदी उठली. पेट्रोलचा थेंबन् थेंब भारतातून जातो. मार्च १९८९ मध्ये आपण व्यापाराचे बहुतेक नाके बंद केले तेव्हा आणि २०१५ च्या नाकेबंदीत नेपाळी जनतेने जे सोसले, त्यानंतर ‘आमच्या मालावरचा कर उतरवा’ असे त्यांना सांगायला जाणे भारतीयाला शोभत नाही. तसे सांगणारा चाकणच्या कारखानदाराचा फुकटचा दलाल ठरेल. ती वकिली करण्याची आमची इच्छा नाही.

तथापि या कराचे ओझे कोणाच्या पाठीवर पडते, हे विचारण्याचा अधिकार कोणत्याही श्रमिकाच्या कैवाऱ्याला आहे. डोंगराळ मुलखात, जेथे एस.टी.सारखी सार्वजनिक वाहतूक नाही, तेथे १२५ सीसीची मोटारसायकल हेच रुग्णवाहिका, दुधाची गाडी आणि शाळेची बस असते. ती चैनीची वस्तू म्हणून मोजणे हा करशास्त्राचा नव्हे, दृष्टीचा दोष आहे. सरकार तरुणांना परदेशी धाडते आणि त्यांनी धाडलेल्या पैशाच्या प्रत्येक खर्चावर सीमेवर हात मारते. काठमांडूतील जमिनीच्या चढत्या किमतींवर मालामाल झालेल्यांकडे तितक्या तत्परतेने वळत नाही. आपल्याकडे तरी निराळे काय आहे?

निराळे नाहीच. भारतात आयात होणाऱ्या परदेशी मोटारसायकलींवरील शुल्क २०१८ मध्ये ५० टक्क्यांवर आणले गेले ते कोणासाठी? अमेरिकेच्या अध्यक्षांनी हार्ले-डेव्हिडसनचे नाव घेऊन जाहीर तक्रार मांडली होती. फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकात १६०० सीसी व त्यावरील अवजड गाड्यांवरचे शुल्क आणखी उतरवून ३० टक्के करण्यात आले. सात-आठ माणसांच्या वर्षभराच्या मजुरीएवढ्या किमतीच्या गाडीसाठी दोन राष्ट्रप्रमुख बोलतात. बागेत सहा महिने जागलेल्या माणसाच्या गाडीसाठी मात्र तहसीलदारही बोलत नाही.

नेपाळने काय करावे हे नेपाळची जनता ठरवील. आपल्या हातात जे आहे ते आपण करू शकतो. येथे राबलेल्या नेपाळी कामगाराने १२५ सीसीपर्यंतची एक नवी गाडी स्वतःसाठी घेऊन सीमेपार नेली, तर निर्यातदार कंपनीला मिळते तीच करमाफी त्यालाही मिळावी; भरलेला कर नाक्यावरच, तेथल्या तेथे परत द्यावा. महाराष्ट्र सरकारने आपल्या एकरकमी वाहनकराचा उरलेला भाग त्याच्या हाती ठेवावा. यात तिजोरीला खिंडार पडण्यासारखे काही नाही. उलट, कंपनीला माफ आणि मजुराला लागू, हा भेद कोणत्या न्यायाने टिकवला आहे हे सरकारनेच सांगावे. अशी परतफेड मागायची तर आपण येथे काम केले याचा पुरावा मजुराजवळ असला पाहिजे, आणि तो आज नसतो. मजुरी रोख, हिशेब तोंडी, उचल मालकाच्या वहीत, अशी बागांतील रीत आहे. येत्या हंगामापासून कोकणातील बागायतदारांनी प्रत्येक राखणदाराला कामाचे दिवस, ठरलेली आणि दिलेली मजुरी लिहून, सही-शिक्क्यासह कागद द्यावा, आणि जिल्हा श्रम कार्यालयाने त्याची नोंद ठेवावी. यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.