संकटाच्या दाराचे भाडे

विमानातील जागांची चर्चा या पानावर पाहून विंझर-वेल्ह्याकडच्या कार्यकर्त्याला नवल वाटेल. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात बहुतेकांचा प्रवास एस.टी.वर चालतो. तरीही हा विषय आपला आहे. टंचाईची वस्तू कोणाला द्यावी, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न विमानाच्या आसनांत फार स्पष्ट दिसतो. जो आधी येईल त्याला द्यावी, ज्याला गरज आहे त्याला द्यावी, जो तिच्याबरोबरची जबाबदारी पेलेल त्याला द्यावी, की जो जास्त पैसे मोजेल त्याला? या चार उत्तरांपैकी समाज कोणते निवडतो, यावर त्याची नीती ठरते.

विमानात पाय पसरायला जास्त जागा असलेली आसने मुख्यतः दोन ठिकाणी असतात. काही अगदी पुढच्या रांगेत असतात, तर काही आपत्कालीन दारांच्या रांगेत. एअरबस ए-320 जातीच्या, सुमारे 180 आसनांच्या विमानात पंखांवर उघडणाऱ्या दारांच्या दोन रांगांत मिळून 12 आसने असतात. पूर्वी ही आसने तिकिटाच्याच पैशात मिळत. 2010 नंतरच्या दशकात तिकिटातून एकेक सोय सुटी करून विकण्याची पद्धत आपल्याकडे रुजली आणि या आसनांना वेगळी किंमत लागली.

दोन्ही प्रकारची आसने एकाच नावाने विकली जातात. वस्तुतः त्यांचे स्वरूप परस्परविरुद्ध आहे. पुढच्या रांगेचा प्रश्न गरजेचा आहे. गुडघा न वाकणारा वृद्ध किंवा सहा फुटांहून उंच माणूस तेथे बसला, तर त्याचा प्रवास सुसह्य होतो. दाराच्या रांगेचा प्रश्न जबाबदारीचा आहे. तेथे बसणाऱ्याने प्रसंगी दार उघडून इतरांना बाहेर काढण्यास मदत करायची असते. म्हणून लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि ज्यांच्या हातापायांत वा दृष्टीत पुरेशी शक्ती नाही असे प्रवासी यांना तेथे बसू देत नाहीत. सूचना समजणे आणि मदतीची तयारी असणे, ही बसणाऱ्याची पात्रता होय. या पात्रतेत पैशाचा संबंध कोठेही येत नाही.

आता या दाराजवळची मोकळी जागा आली कोठून, ते पाहावे. ती कंपनीच्या औदार्यातून आलेली नाही. निम्मीच दारे वापरून 90 सेकंदांत सर्व प्रवासी बाहेर पडू शकतात, हे सिद्ध झाल्यावाचून मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळत नाही. त्यासाठी दाराकडे जाणारी वाट मोकळी ठेवावीच लागते. म्हणजे ही जागा सर्वांच्या प्राणरक्षणासाठी कायद्याने राखलेली आहे. तिचे भाडे मात्र कंपनी वसूल करते. जमीनदाराला स्वतः काही न निर्मिता मिळणाऱ्या उत्पन्नाला रिकार्डोने खंड म्हटले. संकटाच्या दाराशी वसूल होणारी रक्कम त्याच जातीची आहे. शिवाय ती देणारा हा सहप्रवाशांच्या वतीने एक कर्तव्य पत्करणारा माणूस असतो. पहारेकऱ्याकडूनच पहाऱ्याचे शुल्क घेण्यासारखा हा प्रकार आहे.

या दारांचे मोल किती, हे 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसले. जपान एअरलाइन्सच्या पेटलेल्या विमानातील 379 जण आठांपैकी केवळ तीन दारांतून सुखरूप बाहेर पडले. तेथे कामी आली ती शिस्त आणि शिक्षण. उलट 12 जून 2025 च्या अहमदाबादच्या दुर्घटनेत विमानातील 242 जणांपैकी एकच वाचला. तो दाराजवळच्या 11-ए या आसनावर होता. त्यानंतर त्या आसनाची मागणी वाढल्याच्या बातम्या आल्या. सुरक्षितता ही विकत घेण्याची वस्तू आहे, असे एकदा मनावर ठसले की योगायोगालाही बाजारभाव येतो.

बाजारवादी म्हणतील, ज्याला पाय पसरण्याची निकड आहे तोच पैसे देईल. किंमत गरज ओळखते. हा युक्तिवाद सर्वांचे उत्पन्न सारखे असते, तरच टिकला असता. कर्ज काढून प्रथमच विमानात बसणाऱ्या उंच कामगारापेक्षा कचेरीच्या खर्चाने फिरणारा ठेंगणा अधिकारी ते आसन सहज घेईल. किंमत येथे गरजेचे मोजमाप करत नाही. ती खिशाचे मोजमाप करते.

दुसरा आक्षेप असा की, हे उत्पन्न बुडाले तर सर्वांचेच तिकीट महागेल. हिशेब करून पाहू. समजा, दाराजवळच्या 12 आसनांचे प्रत्येकी 1000 रुपये मिळतात. ते 12,000 रुपये 180 प्रवाशांत वाटले, तर माणशी सुमारे 67 रुपये पडतात. दाराशी सक्षम माणूस बसल्याचा लाभ जर 180 जणांना आहे, तर हा भार सर्वांनी उचलण्यात अन्याय कसला?

गरजेनुसार वाटप व्यवहारात शक्य नाही, असेही कोणी म्हणू नये. रेल्वेचे संगणक ज्येष्ठ नागरिकांना आणि 45 वर्षांवरील स्त्रियांना खालचे शयनासन देण्याची तरतूद वेगळा आकार न घेता पाळतात. एस.टी.त स्त्रिया आणि अपंग यांच्यासाठी राखलेल्या जागा आपण पाहतोच. प्रा. मधु दंडवते 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली. सामान्याच्या पाठीला आराम ही चैन नव्हे, असा त्या निर्णयाचा अर्थ होता.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. दाराजवळची आसने विक्रीतून वगळावीत आणि पात्र, राजी प्रवाशांना ती विनामूल्य द्यावीत. त्यांतही उंच माणसांना अग्रक्रम असावा. त्यांना सूचना त्यांच्या भाषेत समजावून सांगाव्यात. पुण्याहून निघणाऱ्या विमानात त्या मराठीतही असाव्यात. पुढच्या रांगेतील काही आसने अपंग, वृद्ध आणि आजारी प्रवाशांसाठी प्रथम राखावीत आणि उरल्यास मगच विकावीत.

कार्यकर्त्यांनी याकडे श्रीमंतांचे भांडण म्हणून पाहू नये. देवळात पैसे भरणाऱ्यांची वेगळी रांग आली, रेल्वेत मागणीप्रमाणे वाढणारे भाडे आले. एका ठिकाणी रुजलेला नियम दुसरीकडे उतरायला वेळ लागत नाही. आपल्या एस.टी.च्या मागच्या बाजूला संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग असतो. त्याच्याजवळच्या बाकाचे वेगळे तिकीट आज कोणी मागत नाही. ते उद्याही कोणी मागू नये असे वाटत असेल, तर आजच विमानातल्या दाराबद्दल बोलले पाहिजे.