घरी बसून केलेल्या कामाचा दर

मागच्या महिन्यात एका रविवारी आम्ही ताईकडे इंदोऱ्यात गेलो होतो. चहा झाला, खारीचा पुडा संपला, तरी भाची काही बाहेर येईना. आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसलेली. ताई म्हणाली, "रात्रीचे दोन-दोन वाजतात हिला. अन् पैसे किती भेटले विचारलं तं सांगत नाही." आम्ही आत डोकावलो. डोळे सुजलेले, बाजूला थंडगार चहा. विचारले तेव्हा म्हणाली, "मामा, आठ हजारात घेतलं होतं. दोन महिने झाले, संपतच नाही."

ही मुलगी इंजिनिअर. एका कंपनीत तीन वर्षे होती. ताईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा घरी दुसरे कोणी नव्हते, म्हणून नोकरी सोडली आणि घरूनच वेबसाइट तयार करून देण्याची कामे घेऊ लागली. याला फ्रीलान्सिंग म्हणतात. मालक एक नाही, पगार नाही, सुट्टी नाही. जो काम देईल त्याचे काम ठरलेल्या रकमेत करून द्यायचे. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या, पण तिथे सगळ्यांचीच वर्णी लागत नाही. मग आपल्या वस्त्यांतली शिकलेली मुले-मुली शिकवणी वर्ग, दवाखाने, लॉन, किराणा दुकाने यांच्या वेबसाइट करून देतात. हुन्नर हातात आहे. दर सांगायची वेळ आली की मात्र जीभ अडखळते.

हे काम एका शिकवणी वर्गाच्या संचालकांचे होते. त्यांनी फोनवर विचारले, "किती घेशील?" आणि उत्तर यायच्या आत सांगून टाकले, "एक मुलगा सहा हजारात करून देतो म्हणते." तिने आठ सांगितले. आम्ही विचारले, "हा आकडा काढलास कसा?" ती म्हणाली, "त्याच्यापेक्षा थोडा जास्त, अन् त्यांना राग येणार नाही इतका." म्हणजे ज्याला आपण पाहिलेही नाही अशा एका पोराने दर ठरवला, आणि उरलेला गिऱ्हाइकाच्या मर्जीने. कामाचा तर त्यात विचारच नाही.

एक गोष्ट मात्र तिने चांगली केली होती. कंपनीतल्या सवयीने रोज किती वेळ कशावर गेला ते डायरीत टिपून ठेवले होते. आम्ही दोघांनी बेरीज केली. बोलणी आणि भेटी १४ तास, आराखडा आणि रंगरूप २२, प्रत्यक्ष बांधणी ४६, मजकूर आणि फोटो भरणे २०, आणि "हे जरा बदलून द्या" म्हणून केलेले बदल २८. एकूण १३० तास.

मजकुराच्या २० तासांची गंमत ऐका. संचालकांनी माहितीपत्रकाची जुनी फाइल पाठवली, ती कृतिदेव टंकात. ते वेबसाइटवर चालत नाही, युनिकोडमध्ये फिरवावे लागते, आणि फिरवले की रफार एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. मग ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करायची. फोटो व्हॉट्सअॅपवर आले, ते इतके बारीक झालेले की मोठे केले तर चेहरा ओळखू येईना. परत मागायचे, परत वाट पाहायची. हे सारे काम गिऱ्हाइकाचे होते, केले हिने, आणि फुकट केले.

आठ हजारांतून वेबसाइटचे नाव नोंदवायला आणि ती जिथे ठेवतात त्या होस्टिंगला मिळून तीन हजार हिनेच भरले होते. उरले पाच हजार. भागिले १३०. तासाला साडेअडतीस रुपयांच्या आत! आठ तासांच्या दिवसाचे ३०८ रुपये. घराला पुट्टी मारणारा कारागीर या भावात आपल्या दारात उभा राहणार नाही, आणि राहू नयेच.

ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आईच्या विड्यांसारखंच झालं म्हणायचं हे."

आमची आई घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पाने, आणि भोवती आम्ही भावंडे गड्ड्या बांधायला. दर हजारावर. हजार विड्या नेऊन दिल्या की सट्टेदार त्यातल्या मूठभर बाजूला काढायचा: ही बारीक, ही सैल, हिचे पान फाटके. याला छाट म्हणत. छाट झालेल्या विडीचे पैसे नाहीत. पान गेले, तंबाखू गेला, हाताची मेहनतही गेली. आणि पाने ओली करणे, कापणे, दोरा गुंडाळणे, कारखान्यापर्यंत चालत जाणे हे कशातच मोजले जात नसे. ही तक्रार इतकी जुनी आणि इतक्या घरांची, की १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या विड्या आणि त्यांचे पैसे यांवरून होणाऱ्या तंट्याच्या निवाड्याची वेगळी तरतूद करावी लागली. घरी वळणाऱ्या बायाही त्या कायद्यात आल्या.

भाचीचे २८ तास हे छाटच नाही तर काय? रंग आवडला नाही, परत करा. साहेबांच्या मेहुण्याला अक्षर मोठे हवे, परत करा. आणि वर, "घरी बसूनच तर करतेस, तुला वेगळा खर्च काय आहे?" हे वाक्य आईनेही ऐकले होते.

त्या दिवशी आम्ही कागद घेऊन बसलो. वाचकांच्याही घरात असे कोणी असेल, म्हणून हिशेब जसाच्या तसा देत आहोत. घराला आणि स्वतःला महिन्याला ३५ हजार लागतात, वर्षाचे झाले ४ लाख २० हजार. ६० हजारांचा लॅपटॉप चार वर्षे टिकला तर वर्षाला १५ हजार. इंटरनेट १० हजार, वीज आणि इन्व्हर्टर १२ हजार, सॉफ्टवेअर आणि फोन १३ हजार, आरोग्य विमा २० हजार. हाती काम नसेल त्या महिन्यांसाठी बाजूला ५० हजार. बेरीज ५ लाख ४० हजार. नोकरीत यातले बरेच कंपनी भरते, म्हणून फ्रीलान्स कामाची तुलना सरळ पगाराशी करता येत नाही. तिने पहिल्यांदा तीच केली होती आणि फसली होती.

आता दिवस. रविवार, सण, आजारपण, ताईला दवाखान्यात नेण्याचे दिवस वजा करून २४० धरले. दिवसाचे आठ तास बसले तरी त्यातले पाचच गिऱ्हाइकाच्या नावे लावता येतात. बाकीचे फोन, शिकणे, नवीन काम शोधणे आणि जुने पैसे मागणे यात जातात. २४० गुणिले ५, वर्षाचे १,२०० तास. ५ लाख ४० हजार भागिले १,२०० म्हणजे तासाला ४५० रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील, दर वेगळा येईल. पण तो तुमच्या घरातून निघाला पाहिजे.

तो आकडा पाहून भाची हसली. "मामा, या हिशेबाने ते काम साडेअठ्ठावन्न हजाराचं झालं. नागपुरात कोण देते?" प्रश्न खरा होता. लहान शिकवणी वर्ग एवढे देणार नाही, आणि त्याला तेवढ्याची गरजही नाही. आम्ही म्हटले, मग काम कमी कर, दर कमी करू नकोस. पाच पानांची साधी वेबसाइट, मजकूर त्यांनी युनिकोडमध्ये टाइप करून द्यायचा, फोटो मूळ आकाराचे, बदल दोनदाच. तिने तास लिहिले: ४० झाले. १८ हजार. होस्टिंग आणि नावनोंदणी गिऱ्हाइकाने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पैशाने करायची. ते त्याच्याच हिताचे, उद्या भांडण झाले तरी दुकानाची पाटी त्याच्याच मालकीची राहते. ज्याला १२ हजारच द्यायचे आहेत त्याला तीन पानांची करून द्यावी. साडी स्वस्त हवी म्हणून दुकानदार पैठणी फाडून देत नाही, दुसरी साडी दाखवतो.

त्या सहा हजारवाल्या पोराचे काय? तो असणारच. कदाचित तो तयार साचा घेऊन चार तासांत नाव बदलून देत असेल. मग सहा हजार त्याला परवडतात आणि त्यात गैर काही नाही. किंवा तोही रात्री दोनपर्यंत जागत असेल. परदेशी बाजाराची तीच तऱ्हा. फायव्हर नावाची कंपनी २०१० मध्ये पाच डॉलरला एक काम या भावाने निघाली, नावही त्यावरूनच पडले, आणि काम करणाऱ्याच्या कमाईतला पाचवा हिस्सा ती स्वतः ठेवते. तिथे दर सांगताना तो पाचवा हिस्सा आधीच मिळवून सांगावा लागतो. बरीच मुले हे विसरतात.

कामगारांसाठी किमान वेतन असते. त्याचे विधेयक १९४६ मध्ये मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनीच मांडले होते. पुढे १९४८ चा कायदा झाला आणि आता तो वेतन संहितेत सामावला आहे. पण फ्रीलान्स करणारा कायद्याच्या नजरेत नोकर नाही, त्याला किमान दर नाही. त्याचा किमान दर त्याने स्वतःच लिहायचा, आणि कामाची हद्दही त्यानेच. मुंबई इलाख्यातल्या महार वतनाचे जाच आठवावेत. मोबदला तुटपुंजा होताच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की काम कोणते, किती आणि कोणत्या वेळी, याला मर्यादाच नव्हती. हाक आली की जायचे. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. हद्द न लिहिलेले काम वाढत जाते, मग ते गावकीचे असो की वेबसाइटचे.

तेव्हा कागद करावाच. स्टॅम्पपेपर लागत नाही, ईमेलवर दोन्ही बाजूंनी 'मान्य' लिहिले तरी पुरावा होतो. त्यात पाने किती, मजकूर कोण देणार, बदल किती वेळा, त्यापुढच्या बदलाचे तासाला किती, काम कधी द्यायचे, पैसे कोणत्या टप्प्यात आणि नंतरच्या देखभालीचे वर्षाला किती, हे असावे. अर्धे पैसे सुरुवातीला घ्यावेत. सगळे हक्क शेवटचा हप्ता आल्यावर गिऱ्हाइकाकडे जातील, असे वाक्य घालावे. कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, हे कविता लिहिणाऱ्या आमच्या मित्रांना अजून पटत नाही. न्यूयॉर्क शहराने तर २०१७ पासून ८०० डॉलरच्या वरच्या फ्रीलान्स कामाला लेखी करार सक्तीचा केला आहे.

पैसे अडकले तर आपल्याकडेही उपाय आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आणि फुकट होते. आधार आणि पॅन लागते, एजंटाला पैसे देऊ नका. काम घेण्याआधीच ती केलेली असावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदलेल्या लहान उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्यासाठीची तक्रार सुलभीकरण परिषदेकडे करता येते. जीएसटीचेही सांगून ठेवतो: वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही.

हे सगळे शहाणपण सांगून झाल्यावर भाची शांतपणे म्हणाली, "मामा, तुमच्या वाचनालयाची वेबसाइट?"

आम्ही गप्प झालो. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या वाचनालयाची वेबसाइट आम्हीच तिच्याकडून करून घेतली होती. पुस्तकांची यादी, फोटो, जयंतीचे कार्यक्रम, सारे. "समाजाचं काम आहे बेटा," असे म्हणालो होतो आणि मिठाईचा डबा दिला होता. दर जयंतीला नवे फोटोही तिच्याकडूनच चढवून घेतो. समाजासाठी श्रम द्यावेत, यात शंका नाही. पण ते देणाऱ्याने द्यायचे असतात. आम्ही मागितले, आणि तेही मामा म्हणून, म्हणजे तिला नाही म्हणायची सोयच ठेवली नाही. मांडववाल्याला आणि बँडवाल्याला याच मंडळाने रोख मोजले होते.

तिला आम्ही जुने बिल करायला सांगितले. तिने आढेवेढे घेतले, मग डायरी काढून केले: ३६ तास, १६ हजार २०० रुपये. खाली स्वतःच्या हाताने लिहिले, 'पैकी ८ हजार १०० श्रमदान.' पुढच्या रविवारी मंडळाच्या बैठकीत ते बिल वाचून दाखवले तेव्हा पहिल्यांदा कोणीच बोलले नाही. मग कोषाध्यक्ष म्हणाले, "एवढं काम होतं हे? आम्हाला तं वाटलं, बटन दाबलं की होते." अर्धा तास वादावादी झाली. एका काकूंनी विचारले, पोरगी आपली असून पैसे मागते, हे कसे. त्यांना उत्तर आम्ही दिले नाही. त्यांच्या शेजारी ताई बसली होती, तिने दिले. शेवटी ८ हजार १०० रुपये दोन हप्त्यांत देण्याचे ठरले, आणि यापुढे फोटो चढवण्याचे वर्षाला तीन हजार. पहिला हप्ता परवा तिच्या खात्यात जमा झाला. शिकवणी वर्गाचे संचालक अजून एक बदल मागत आहेत. या वेळी तिने दोन तासांचे ९०० रुपये लिहून पाठवले आहेत, उत्तराची वाट पाहत आहे.